पोंग्यात अळी दिसण्याआधी: मक्यावरच्या लष्करी अळीचा पतंग ओळखा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

खरिपाचा मका गुडघ्याला लागला की आमच्या दुकानात रोज तोच फोटो येतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, दीड इंची लष्करी अळी, भोवती ओल्या भुशासारखी विष्ठा, आणि मागणी एकच, "कडक औषध द्या." पण एवढी अळी म्हणजे तिचं खाणं जवळजवळ आटपलेलं असतं. शिवाय ती स्वतःच्याच विष्ठेखाली दडून बसते, तिथं फवारा पोचत नाही. पैसे जातात आणि पोंगा वाचत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. म्हणून या पत्रकात औषधापेक्षा पतंगाविषयीच जास्त लिहिलं आहे.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये आफ्रिकेत आणि 2018 मध्ये कर्नाटकमार्गे आपल्या देशात ती पहिल्यांदा नोंदली गेली. आज येवला, निफाड, सिन्नर, मालेगाव, कुठेही मक्यात ती सापडते. पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे शेजारच्या वावराला दोष देऊन काही होत नाही.

पतंग दिवसा लपून बसतो आणि अंधार पडल्यावर उडतो. पंख पसरले तर सव्वा ते दीड इंच. नराचे पुढचे पंख करड्या-तपकिरी रंगाचे, चितारल्यासारखे. पंखाच्या टोकाशी पांढरा तिकोनी ठिपका आणि मध्याजवळ फिकट, तिरपा लांबट डाग. मादीचे पुढचे पंख मात्र फिकट आणि पुसट, तिच्यावर नक्षी अशी नसतेच. मागचे पंख दोघांचेही चंदेरी पांढरे, कडेला बारीक काळसर रेघ. कामगंध सापळ्यात मादीच्या वासासारखा वास ठेवलेला असतो, त्यामुळे त्यात फक्त नर येतात, म्हणून नराची खूण पाठ करा. सापळा सकाळीच उघडून बघा. दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या पतंगाच्या पंखावरची पूड झडते आणि मग ओळख पटत नाही. पुढच्या पंखावर पांढऱ्या रेघांची जाळी दिसली, तर तो बहुधा तंबाखूवरच्या अळीचा पतंग असतो.

मादी शंभर-दोनशे अंड्यांचा एक पुंजका पानावर घालते आणि अंगावरचे केस त्यावर पांघरते, त्यामुळे पानाला बुरशी लागल्यासारखी वाटते. एक मादी आयुष्यात दीड-दोन हजार अंडी घालते. असं पान सापडलं तर हातानं तोडा आणि चुरगाळून टाका. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही!

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या पान खरवडतात, वरचा पापुद्रा तसाच राहतो आणि पानावर पांढऱ्या कागदी खिडक्या दिसतात. फवारणीची खरी वेळ हीच. नंतर धाग्याला लोंबकळत, वाऱ्यानं त्या शेजारच्या झाडांवर जातात. मोठ्या झाल्या की एकमेकींनाच खातात, म्हणून पोंग्यात बहुधा एकच उरते. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची पक्की खूण. दोन-तीन आठवड्यांनी ती जमिनीत एक-दोन इंच खोल कोषात जाते. उन्हाळ्यात अंडं ते पतंग हा फेरा साधारण महिन्याचा. थंडीत तो दोन-तीन महिन्यांवर जातो, पण ही अळी झोपून राहत नाही. निफाडची थंडी तिला थांबवते, या भरवशावर रब्बीचा मका सोडू नका.

मका उगवला की एकरी पाच सापळे लावा, सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, पाकिटावरच्या मुदतीला बदला. पतंग दिसायला लागले की आठवड्यातून दोनदा शेतभर फिरून वीस-पंचवीस झाडांचे पोंगे बघा. खिडक्या दिसल्या तर निंबोळी अर्क द्या, सायंकाळी, नोझल पोंग्यावर धरून. सापळा रिकामा असला तरी फेरी चुकवू नका.

पावसाळी हवेत पानाला चिकटून वाळलेली, पांढरट-हिरवी अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती बुरशीनं मेलेली असते आणि तीच बुरशी बाकीच्या अळ्यांना लागते. मका मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी असेल, तर कुठलंही औषध घेताना लेबलवरचा कापणीपूर्व काळ (फवारणीनंतर कापणीपर्यंत थांबायचे दिवस) आम्हाला विचारूनच घ्या, जनावरांच्या पोटात जाणारा चारा आहे.

शंका असेल तर सापळ्यातला पतंग कागदाच्या पुडीत घेऊन दुकानात या. ओळखून देण्याचे पैसे नाहीत, आणि गरज नसेल तर आम्ही औषध देणार नाही.