पाकिटातला पुठ्ठा आणि नामवंतांचे चेहरे

सिगारेटच्या पाकिटात चित्राचं कार्ड आलं ते साध्या गरजेपोटी. अमेरिकेत तेव्हा पाकिटं पातळ कागदाची असत आणि खिशात दबली की आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून आधाराला एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा, हे ज्यांनी ओळखलं त्यांत व्हर्जिनियातल्या रिचमंडची अॅलन अँड जिंटर कंपनी आघाडीवर होती.

१८८७ मध्ये तिनं जगज्जेत्या खेळाडूंचा ५० कार्डांचा रंगीत संच काढला. मुष्टियोद्धा जॉन सलिव्हन, 'वाइल्ड वेस्ट'चे खेळ करणारा बफेलो बिल, नेमबाज अॅनी ओकली आणि दहा बेसबॉलपटू त्यात होते. खरी मेख मागच्या बाजूला होती. तिथे पन्नासही नावं छापलेली, म्हणजे आपल्याकडे कोण नाही ते लगेच कळायचं आणि पुढचं पाकीट घ्यावंसं वाटायचं.

याच दशकात बॉन्सॅकचं यंत्र दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी वळू लागलं. एवढा माल खपवायचा कसा? नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या ड्यूक कंपनीनं नट्यांची छायाचित्रं पाकिटात घातली. खुद्द संस्थापक वॉशिंग्टन ड्यूक यांना ती अश्लील वाटत. १८९४ मध्ये त्यांनी मुलाला तसं पत्रही लिहिलं. ब्रिटनमध्येही ही चाल रुजली आणि तिथल्या कार्डांवर आपले क्रिकेटपटू रणजितसिंहजीही झळकले.

कार्डांच्या मागे पोरं लागत, ही गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं १९०९ च्या सुमाराचं कार्ड त्याच्याच हरकतीमुळे थांबलं. लहान मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून त्यानं नकार दिला असं एक मत, तर मानधनाचा वाद होता असं दुसरं. छपाई लवकर थांबल्यानं आज त्याच्या जेमतेम साठेक प्रती माहीत आहेत. २०२२ मध्ये एक प्रत ७२.५ लाख डॉलरला विकली गेली.

ब्रिटनमध्ये १९४० च्या कागदटंचाईनं कार्डं बंद पडली. अमेरिकेतला ठेवा मात्र मुख्यतः जेफरसन बर्डिक यांच्यामुळे शाबूत राहिला. सिरॅक्यूज शहरातल्या एका कारखान्यात कामगार असलेल्या या संग्राहकानं कार्डांची पहिली सविस्तर सूची केली आणि ३ लाखांहून अधिक छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या. संधिवातानं हात आखडले असतानाही ते संग्रहालयात बसून स्वतः कार्डं वह्यांत चिकटवत. ते काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं आणि मार्चमध्ये ते गेले.