सीटीडीआय-व्हॉल की डीएलपी: वाढलंय नेमकं काय?

सीटी स्कॅन झाल्यावर मशीन डोसचं, म्हणजे किरणांच्या मात्रेचं, पान काढतं. त्यावरचा आकडा फुगलेला दिसला की पहिला हात एमएकडे, म्हणजे एक्स-रे ट्यूबच्या विद्युतप्रवाहाकडे, जातो. पुष्कळदा वाढलेला असतो डीएलपी (किरणांचा एकूण मारा) आणि कात्री लागते सीटीडीआय-व्हॉलला (माऱ्याची तीव्रता). चित्र दाणेदार होतं, मूळ दुखणं तसंच राहतं.

सीटीडीआय-व्हॉल मिलिग्रेमध्ये असतो. किरणांचा मारा किती तीव्र, एवढंच तो सांगतो. तो मोजतात अ‍ॅक्रिलिकच्या फँटममध्ये, म्हणजे शरीराच्या जागी ठेवलेल्या गोल ठोकळ्यात: डोक्यासाठी १६ सेंमी व्यासाचा, पोटासाठी ३२ सेंमीचा. म्हणजे हा मशीनच्या सेटिंगचा आकडा, रुग्णाचा नव्हे. पोटाचा व्यास जेमतेम २० सेंमी असलेल्या किरकोळ रुग्णाला प्रत्यक्षात त्याच्या सुमारे पावणेदोन पट डोस बसतो.

डीएलपी म्हणजे सीटीडीआय-व्हॉल गुणिले स्कॅनची लांबी. १० मिलिग्रे आणि ४५ सेंमी, तर ४५० मिलिग्रे-सेंमी. पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणलं की अंदाजे ६.७५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे सगळ्या शरीराच्या हिशेबातला डोस. प्लेन (औषधाशिवाय) आणि शिरेतून औषध दिल्यावर आर्टेरियल, व्हीनस, डिलेड असे चार फेज, म्हणजे त्याच भागाचे चार स्कॅन, घेतले तर प्रत्येक ओळीत सीटीडीआय-व्हॉल १०च दिसेल. बेरीज मात्र १८००. इथे एमएला हात लावू नये. अनावश्यक फेज काढावेत, लांबी आवरावी. मुतखड्याला प्लेन एकच फेज पुरतो: मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंत.

चित्राचा दर्जा बांधलेला आहे तो सीटीडीआय-व्हॉलशी. एमएएस (एमए गुणिले सेकंद) निम्मा केला की डोस निम्मा, पण नॉइज (चित्रातले दाणे) सुमारे ४० टक्के वाढतो. खडा पांढराशुभ्र उठून दिसतो, त्याला तेवढा नॉइज चालतो. यकृतातली बारीक गाठ आजूबाजूच्या पेशींहून जेमतेम वेगळी दिसते. ती त्या दाण्यांत हरवते. म्हणून दोघांना एकच प्रोटोकॉल लावणं चूकच.

सीटीडीआय-व्हॉल खरंच वाढला असेल तर आधी सेंटरिंग पाहा, म्हणजे रुग्ण यंत्राच्या बरोबर मध्यावर आहे का ते. स्काउट (स्कॅनआधीचं आखणीचं चित्र) घेताना ट्यूब वर आणि टेबलही जास्त वर असेल, तर रुग्ण मोठा भासतो आणि ऑटो-एमए, म्हणजे रुग्णाच्या आकारानुसार आपोआप ठरणारा एमए, उगाच चढतो. हात पोटाशी राहिले तरी तेच.

कोकणात आणखी एक डोस आहे, जो या दोन्ही आकड्यांत दिसत नाही: दुबार स्कॅनचा. रुग्ण सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जातो, तो हातात फक्त फिल्म घेऊन. फिल्मवरून पातळ स्लाइस (बारीक थरांची चित्रं) पुन्हा काढता येत नाहीत, मग स्कॅन परत होतो. पाठवताना पातळ स्लाइस आणि डोसचं पान असलेली डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रांची) द्या, आणि ती तिथल्या डॉक्टरांना आधी दाखवायला नातेवाइकांना बजावून सांगा.