सेंबेन, उस्मान
सेंबेन, उस्मान : (१ जानेवारी १९२३–९ जून २००७). सेनेगलचे कादंबरीकार व चित्रपट दिग्दर्शक. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आफ्रिकी माणसाने आपल्या लोकांविषयी, आपल्या लोकांसाठी चित्रपट काढण्याची परंपरा मुख्यतः त्यांच्यापासून सुरू होते. ‘बोरोम सारेत’ हा लघुपट १९६३ मध्ये पुरा झाला, तेव्हा ते चाळिशीला पोहोचले होते. ‘मूलादे’ हा अखेरचा चित्रपट २००४ साली आला, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. मधल्या काळात त्यांचे पूर्ण लांबीचे नऊच चित्रपट झाले. हा आकडा लहान का राहिला, हे कळले की त्यांची बहुतेक कारकीर्द कळते. पैसा, परवानगी, भाषा आणि वितरण या चार ठिकाणी त्यांची प्रत्येक कलाकृती अडत गेली, आणि या अडवणुकीच्या खुणा चित्रपटांच्या लांबीत, रंगात व ध्वनिपट्टीतही दिसतात.

जडणघडण : जन्म दक्षिण सेनेगलमधील काझामान्स प्रांतातल्या झिगिंशोर या नदीकाठच्या गावी. वडील लेबू समाजातील कोळी. मुख्याध्यापकांशी झालेल्या भांडणावरून सेंबेन यांना शाळेतून काढून टाकण्यात आले आणि औपचारिक शिक्षण तिथेच संपले. बोट लागत असल्याने वडिलांचा धंदाही जमेना. १९३८ मध्ये ते डाकारला आले व गवंडीकाम, नळकाम, यंत्रदुरुस्ती अशी मिळतील ती कामे करू लागले. १९४४ मध्ये फ्रेंच वसाहती सैन्यात भरती झाली. युद्धानंतर डाकार–नायजर रेल्वेच्या कामगारांचा मोठा संप झाला. ऑक्टोबर १९४७ ते मार्च १९४८ असा तो पाच महिने चालला. या संपावरच त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी ‘ले बू द ब्वा द द्यू’ (१९६०) उभी आहे.

संप चालू असतानाच, १९४७ च्या अखेरीस, ते जहाजात लपून फ्रान्सला गेले. काही काळ पॅरिसच्या सित्रोएन कारखान्यात काम केल्यावर ते मार्सेय बंदरात गोदी कामगार झाले. मजूर संघटना व साम्यवादी पक्षात ते सक्रिय होते. व्हिएतनाममधील युद्धासाठी जाणारी शस्त्रे अडवण्याच्या संपात त्यांचा भाग होता. गोदीत पाठीला जबर दुखापत झाली, अवजड काम सुटले, आणि संघटनेच्या ग्रंथालयात वाचन वाढले. फ्रेंच कादंबऱ्यांतला आफ्रिकी माणूस त्यांना ओळखीचा वाटेना. ‘ल दोकेर न्वार’ ही पहिली कादंबरी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली.

चित्रपटाकडे : सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि सेंबेन आफ्रिकेत परतले. आपण ज्यांच्याविषयी लिहितो ते गवंडी, हमाल, बाजारात बसणाऱ्या बाया आपली फ्रेंच पुस्तके वाचू शकत नाहीत, ही गोष्ट प्रवासात त्यांना पुन्हापुन्हा जाणवली. चित्रपटाला ते रात्रशाळा म्हणत. दिवसभर राबलेल्या प्रौढाला अक्षरओळखीशिवाय जिथे बसता येते अशी ती शाळा. हे तंत्र शिकण्यासाठी ते १९६२ मध्ये मॉस्कोच्या गोर्की स्टुडिओत मार्क दोन्स्कॉय यांच्याकडे गेले.

याआधी आफ्रिकी दिग्दर्शक का दिसत नाहीत, याचे उत्तर मोठ्या अंशी एका सरकारी हुकुमात आहे. वसाहतमंत्री प्येर लावाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३४ च्या हुकुमान्वये, फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरण करायचे तर पटकथेला आणि ती चित्रित करणाऱ्या माणसांना राज्यपालाची मंजुरी लागे. पॅरिसच्या चित्रपट संस्थेतून शिकून बाहेर पडलेले पोलँ सुमानू विएरा यांना मायदेशी परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये पॅरिसमधल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांवरच लघुपट केला. हेच विएरा पुढे सेंबेन यांच्या अनेक चित्रपटांचे निर्मिती व्यवस्थापक झाले. सेंबेन यांच्या कारकिर्दीतील त्यांचे स्थान सहसा तळटिपेत जाते. ते मुख्य मजकुरात असायला हवे.

पहिले चित्रपट : ‘बोरोम सारेत’ सुमारे वीस मिनिटांचा आहे. डाकारमधला एक घोडागाडीवाला सकाळी निघतो. ओळखीची गिऱ्हाइके फुकट बसतात. कमावलेले पैसे वंशाची स्तुती गाणारा भाट काढून घेतो. एका बापाला मेलेले तान्हे मूल स्मशानापर्यंत न्यायचे असते, पण कागद नाहीत म्हणून फाटकावर अडवले जाते. शेवटी एक सुटाबुटातला प्रवासी त्याला गाड्यांना मनाई असलेल्या उच्चभ्रू ‘प्लातो’ वस्तीत नेतो, आणि पोलीस गाडी जप्त करतो. संवाद चित्रीकरणाच्या वेळी मुद्रित केलेले नाहीत. आवाज नंतर जोडला आहे व तोही फ्रेंचमध्ये. त्यामुळे गाडीवाल्याचे मनोगत निवेदनासारखे ऐकू येते. या मर्यादेचा सेंबेन यांनी फार चांगला उपयोग केला. रस्त्यावर गप्प बसणारा माणूस मनात किती बोलतो, हे त्यातून ठसते.

‘ला न्वार द...’ (१९६६) हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. फ्रेंच वृत्तपत्रात आलेल्या एका आत्महत्येच्या बातमीवर सेंबेन यांनी आधी कथा लिहिली होती. डाकारमधली दिउआना मुले सांभाळण्यासाठी म्हणून फ्रेंच कुटुंबाबरोबर आंतीबला जाते. तिथे तिला स्वयंपाकघर व न्हाणीघर यांपलीकडे काही दिसत नाही. तिने मालकिणीला प्रेमाने दिलेला लाकडी मुखवटा चित्रपटभर भिंत बदलत राहतो आणि शेवटी डाकारमधल्या लहान मुलाच्या तोंडावर येऊन मालकाचा पाठलाग करतो.

याच चित्रपटात निर्मितीतले अडथळे सर्वांत स्पष्ट दिसतात. फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाचा चित्रपट विभाग १९६३ पासून आफ्रिकी दिग्दर्शकांना मदत करत होता. कधी तो तयार चित्रपटाचे बिगरव्यापारी प्रदर्शनाचे हक्क विकत घेई, कधी पॅरिसमधील संकलन व तंत्रज्ञांचा खर्च उचली. या विभागाने दिउआनाची पटकथा नाकारली. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी फ्रेंच नियमांप्रमाणे व्यावसायिक परवाना लागे, तो सेंबेन यांच्याकडे नव्हता. म्हणून चित्रपट कापून तासाच्या आत आणावा लागला. दिउआना प्रथम फ्रान्स पाहते तो भाग रंगीत होता, तो यात गेला. नायिका म्बिसीन तेरेझ द्योप पडद्यावर दिसते, पण आवाज हैतीच्या गायिका-अभिनेत्री तोतो बिसेंत यांचा आहे. लिहिता-वाचता न येणारी मुलगी मनातल्या मनात अस्खलित फ्रेंच बोलते, ही विसंगती अनेक समीक्षकांनी दाखवली आहे आणि ती खरी आहे. तरीही चित्रपटाला झाँ व्हिगो पुरस्कार मिळाला, आणि १९६६ मध्येच ट्युनिशियातील पहिल्या कार्थेज महोत्सवात सुवर्ण तानित हा तिथला सर्वोच्च पुरस्कार.

भाषेचा निर्णय : ‘मांदाबी’ (१९६८) पासून सेंबेन सेनेगलमध्ये सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या वोलोफ भाषेकडे वळले. वोलोफमधील हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. फ्रान्सच्या चित्रपट केंद्राकडून आगाऊ रक्कम मिळाली, पण फ्रेंच निर्माता घेण्याच्या अटीवर. वोलोफ आणि फ्रेंच अशा दोन आवृत्त्या कराव्या लागल्या. चित्रपट रंगीत असावा, असाही निर्मात्याचा आग्रह होता.

कथा एका मनीऑर्डरीची. पॅरिसमध्ये झाडूकाम करणारा भाचा बेकार इब्राहिमा द्येंगला २५,००० फ्रँक पाठवतो : २,००० मामासाठी, ३,००० आपल्या आईसाठी, २०,००० जपून ठेवण्यासाठी. बातमी पसरते, वाणी उधारीवर तांदूळ देतो, शेजारी हात पसरतात. पोस्टात ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी जन्मदाखला, फोटो आणि मुद्रांक लागतो. जन्मदाखल्यासाठी जन्मतारीख लागते, ती द्येंगला माहीत नाही. फोटोवाला पैसे घेऊन फोटो देत नाही. शेवटी शिकलेला नातेवाईक मुखत्यारपत्र लिहून घेतो, पैसे वटवतो आणि खिसा कापला गेल्याचे सांगून तांदळाचे पोते हातात ठेवतो. रक्कम घरात येण्याआधीच खर्चात पडलेली असते, हा हिशेब सेंबेन यांनी इतका काटेकोर मांडला आहे की कोणत्या पायरीवर द्येंग बुडाला हे प्रेक्षकाला बोट ठेवून दाखवता येते. अक्षरे वाचता न येण्याची किंमत दाखवणारा हा चित्रपट अक्षरे न वाचणाऱ्यांनाही पूर्ण कळतो, आणि म्हणूनच तो त्यांच्या सर्व कामात सर्वांत परिपूर्ण ठरतो.

भाषेचा आग्रह पडद्यापुरता नव्हता. भाषातज्ज्ञ पाते द्याग्न यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये ‘काद्दू’ हे वोलोफ नियतकालिक सुरू केले. मात्र या मार्गालाही मर्यादा होती. वोलोफ चित्रपट मालीत किंवा आयव्हरी कोस्टमध्ये नेला की उपशीर्षके लागतात, आणि न वाचणारा प्रेक्षक पुन्हा बाहेर राहतो. द्योला भाषेतला ‘एमिताय’ (१९७१) तर डाकारमध्येही बहुतेकांना ऐकून समजणारा नव्हता. सेंबेन यांनी त्यावर रचनेतून उत्तर शोधले. ‘एमिताय’मध्ये बोलणे थोडे आहे. लढाईच्या काळात फ्रेंच सैन्य गावाकडे तांदूळ मागते, बायका तो लपवून उन्हात मूकपणे बसून राहतात, पुरुष देवांना कौल लावत बसतात. कोणाची बाजू काय, हे कोण कुठे बसले आहे यावरून कळते.

सरकारशी झगडे : ‘खाला’ (१९७५) मध्ये स्वतंत्र देशाचा नवा व्यापारीवर्ग आहे. हाकलून दिलेले गोरे अधिकारी नोटांनी भरलेल्या बॅगा घेऊन परत येतात; आयातदार एल हाजी तिसरे लग्न करतो आणि त्याच रात्रीपासून नपुंसक होतो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये फ्रान्सहून आलेले बाटलीबंद पाणी ओतले जाते. सेन्सॉरने सुमारे दहा ठिकाणी कात्री लावली. सेंबेन यांनी कापलेल्या प्रसंगांची माहिती देणारी पत्रके छापून वाटली, म्हणजे प्रेक्षक गाळलेल्या जागा मनात भरून चित्रपट पाहू शकतील.

‘चेद्दो’ (१९७७) इतिहासाकडे गेला. एका गावात इमाम सत्ता बळकावतो, गोरा व्यापारी बंदुकांच्या बदल्यात गुलाम घेतो, पाद्री अनुयायांची वाट पाहतो, आणि जुना धर्म न सोडणारे ‘चेद्दो’ राजकन्येला पळवतात. शेवटी राजकन्याच इमामाला गोळी घालते. मुस्लिमबहुल देशात हे दाखवणे धाडसाचे होते. पण राष्ट्राध्यक्ष लेओपोल सेदार सेंघोर यांच्या सरकारने बंदीचे कारण दिले शुद्धलेखनाचे : नावातला ‘द’ सरकारी नियमाप्रमाणे एकेरी हवा, सेंबेन यांनी तो जोड लिहिला. त्यांनी बदल केला नाही. सेंघोर पदावरून गेल्यानंतरच चित्रपट सेनेगलमध्ये खुला झाला. पुढचा चित्रपट यायला अकरा वर्षे लागली.

‘कां द तियारॉय’ (१९८८) थिएर्नो फाती सो यांच्यासह दिग्दर्शित. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा डाकारजवळच्या तियारॉय छावणीत १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मृतांचा अधिकृत आकडा दीर्घकाळ ३५ सांगितला गेला. प्रत्यक्ष आकडा त्याहून फार जास्त असल्याचे इतिहासकार मानतात. या चित्रपटाला सेंबेन यांनी फ्रेंच पैसा घेतला नाही; सेनेगल, अल्जीरिया व ट्युनिशिया यांनी मिळून तो उभा केला. व्हेनिस महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. फ्रान्समध्ये मात्र अनेक वर्षे त्याचे प्रदर्शन झाले नाही. ही घटना म्हणजे हत्याकांड होते, असे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केले ते २०२४ मध्ये.

वितरण : चित्रपट तयार झाला तरी चित्रपटगृह मिळेलच असे नव्हते. फ्रेंच भाषिक पश्चिम आफ्रिकेतली बहुतेक चित्रपटगृहे कोमासिको व सेक्मा या दोन फ्रेंच कंपन्यांच्या हाती होती. ठोक दराने आणलेले अमेरिकी, फ्रेंच आणि मुंबईत बनलेले हिंदी चित्रपट त्यांना आफ्रिकी चित्रपटापेक्षा स्वस्त पडत. डाकारमध्ये हिंदी चित्रपटांना मोठा प्रेक्षक होता. सेंबेन यांची स्पर्धा हॉलिवुडइतकीच आपल्या मुंबईशीही होती. सेंबेन प्रती घेऊन गावोगाव जात आणि खेळ संपल्यावर तिथेच चर्चा घेत. १९६९ मध्ये वागादुगू येथे सुरू झालेल्या आफ्रिकी चित्रपट महोत्सवाच्या व त्यानंतरच्या आफ्रिकी चित्रपटकारांच्या महासंघाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता.

अखेरचे पर्व : ‘गेलवार’ (१९९२) मध्ये एका ख्रिस्ती माणसाचे प्रेत चुकून मुस्लिम दफनभूमीत पुरले जाते आणि त्यातून परदेशी अन्नमदतीवरचा वाद उघडा पडतो. ‘फाट किने’ (२०००) पेट्रोलपंप चालवणाऱ्या एकट्या आईची कथा आहे.

‘मूलादे’ बुर्किना फासोतील जेरिसो गावात, बांबारा भाषेत चित्रित झाला. मुलींचा खतना करण्याच्या प्रथेतून सुटलेल्या चार लहान मुली कोले नावाच्या बाईच्या आश्रयाला येतात. ती उंबरठ्यावर रंगीत दोरी बांधते. आश्रयाचा शब्द उच्चारून ती सोडेपर्यंत कोणी आत येऊ शकत नाही, अशी जुनी श्रद्धा आहे. एक परंपरा दुसऱ्या परंपरेनेच रोखायची, बाहेरून आलेल्या उपदेशाने नव्हे, ही सेंबेन यांची मांडणी. गावातले पुरुष बायकांचे रेडिओ गोळा करून जाळतात आणि नवरा कोलेला चारचौघांत फटके मारतो. ती शब्द उच्चारत नाही. कोलेची भूमिका करणाऱ्या फातुमाता कुलिबाली मालीतील अभिनेत्री व पत्रकार असून या प्रथेविरुद्ध प्रत्यक्ष काम करत आल्या आहेत. कान महोत्सवात ‘अं सर्तँ रगार’ विभागाचा पहिला पुरस्कार चित्रपटाला मिळाला.

एकोणिसाव्या शतकातील योद्धा राजा सामोरी तुरे यांच्यावरचा भव्य चित्रपट हे सेंबेन यांचे अनेक वर्षांचे स्वप्न होते. पैशाअभावी ते राहून गेले. डाकार येथे त्यांचे निधन झाले.

उपलब्ध प्रती : ‘बोरोम सारेत’ आणि ‘ला न्वार द...’ यांच्या डिजिटल दुरुस्त प्रती गेल्या दशकात, तर ‘मांदाबी’ची त्यानंतर तयार झाली. ‘मांदाबी’ पाहताना ध्वनिपट्टी वोलोफ आहे ना, हे आधी तपासावे; फ्रेंच आवृत्तीत पोस्टातल्या कारकुनाची भाषा आणि द्येंगची भाषा एकच होते, आणि खिडकीच्या अलीकडे-पलीकडे जे घडते त्याचा निम्मा अर्थ हरवतो.