पेवातली हळद आणि न दिसणारे फोल्डर

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत पेढीत शनिवारी रात्री मेल सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेण्यात आला. सोमवारी सौदे सुरू होण्याआधी दिवाणजींनी संगणक उघडला, तेव्हा इनबॉक्स जागेवर होता. मात्र ‘राजापुरी’, ‘सौदे’ आणि ‘जीएसटी’ हे फोल्डर दिसेनात. सर्व्हरच्या डिस्कवर व्यापलेली जागा मात्र पूर्वीइतकीच भरली आणि तिथेच तपासाची दिशा ठरली.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवून तोंड मातीने बुजवले की वरून नुसते रान दिसते. कोणाचे पेव कुठे आहे, हे माहीतगाराखेरीज कोणाला सांगता येत नाही. मेल सर्व्हरवरही माल आणि मालाची नोंद अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आखलेल्या ‘आयमॅप’ या पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतो, आणि संगणक किंवा मोबाइल त्याच्याकडे फोल्डरांची यादी मागतो. अशा याद्या दोन असतात: एक प्रत्यक्षात असलेल्या फोल्डरांची, दुसरी वापरणाऱ्याने ‘सबस्क्राइब’ केलेल्यांची, म्हणजे डोळ्यांसमोर हवेत म्हणून निवडलेल्यांची. अनेक मेल प्रोग्राम फक्त दुसरी यादी दाखवतात. ‘डोव्हकॉट’सारख्या सर्व्हरमध्ये ही दुसरी यादी म्हणजे प्रत्येक खात्याची एक छोटीशी मजकूर-फाइल असते. ती हलवायची राहिली, तर हजारो मेल सुखरूप असूनही फोल्डर नाहीसे झाल्यासारखे वाटतात.

फाइल हलवूनही घोटाळा होतो, कारण नावे लिहिण्याची रीत सर्व्हरगणिक बदलते. ‘कुरियर’ हा जुना सर्व्हर प्रत्येक फोल्डरच्या नावाआधी ‘इनबॉक्स’ आणि टिंब लावतो, तर डोव्हकॉट मुद्दाम सांगितल्याशिवाय तसे काही लावत नाही. त्यामुळे यादीत ‘इनबॉक्स.सौदे’ आणि डिस्कवर नुसते ‘सौदे’ अशी स्थिती होते आणि दोन्ही नावे जुळत नाहीत.

डिस्कवरची जागा कमी भरली असती, तर संशय वेगळा घ्यावा लागला असता. प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या ‘मेलडिर’ प्रकारच्या साठवणीत इनबॉक्सखेरीज प्रत्येक फोल्डरच्या डिरेक्टरीचे नाव सहसा टिंबाने सुरू होते, आणि युनिक्स व लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारे नाव लपलेले मानले जाते. ‘तारा’ चिन्ह (*) देऊन ‘सगळे कॉपी कर’ असे सांगितले, तरी ही लपलेली नावे त्यात येत नाहीत. इनबॉक्स नव्या यंत्रावर पोहोचतो, बाकीचे मागेच राहतात. म्हणून जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नये, असे माझे ठाम मत आहे. मराठी नावांची आणखी एक गंमत आहे. जुन्या आयमॅपमध्ये देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या अगम्य जुडीत रूपांतरित होऊन साठवले जाते, आणि हा कचरा समजून एखादा उत्साही तंत्रज्ञ तो पुसूनही टाकू शकतो. 2021 मध्ये आलेल्या आयमॅपच्या सुधारित आवृत्तीत ही कसरत उरलेली नाही.

फोल्डर दिसेनासे झाल्यावर आधी ब्राउझरमधून वेबमेल उघडून पाहावे. तिथे ते दिसत असतील, तर दोष बहुधा संगणकावरील मेल प्रोग्रामच्या मांडणीत असतो. घाबरून खाते काढून पुन्हा जोडण्याचा मोह मात्र आवरावा, कारण संगणकावर उरलेली प्रत त्यात पुसली जाऊ शकते. एखाद्या संगणकावर जुने फोल्डर अजून दिसत असतील, तर प्रथम त्याचे इंटरनेट तोडावे आणि ते मेल ‘लोकल’ फोल्डरांत उतरवून घ्यावेत. नाहीतर सर्व्हरवरची रिकामी यादी पाहून तो संगणकही आपली प्रत टाकून देईल. ‘पॉप’ या, मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने मेल घेणाऱ्यांचे फोल्डर मुळात त्यांच्याच संगणकावर असतात, त्यामुळे सर्व्हर बदलल्याने त्यांना धक्का लागत नाही.

पेढीत यादीतील नावे जुन्या रीतीची निघाली. ती एकेक दुरुस्त करण्याऐवजी तंत्रज्ञाने डिस्कवरचे झाडून सगळे फोल्डर सबस्क्राइब करून टाकले. ‘राजापुरी’ परत आला, ‘सौदे’ आला, आणि दिवाणजींनी कित्येक वर्षांपूर्वी मुद्दाम दृष्टीआड केलेला ‘बुडीत येणी’ हा फोल्डरही त्यांच्या शेजारी येऊन बसला.