उत्तर कोरिया : ‘हंगामी’ समितीने घातलेला पाया

उत्तर कोरियाचा स्थापनादिन ९ सप्टेंबर १९४८. राज्य मात्र त्याच्या अडीच वर्षे आधीच चालू झाले होते, आणि तेही ‘हंगामी’ या नावाखाली.

कोरिया १९१० पासून जपानच्या अमलाखाली होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे दिसताच वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी कर्नलांनी रातोरात नकाशावर ३८ अक्षांशाची रेघ पक्की केली. उत्तरेत सोव्हिएत फौज, दक्षिणेत अमेरिकी. ज्यांचा देश, त्यांना कुणी विचारलेही नाही.

प्योंगयांगमध्ये तेव्हा सर्वांत वजनदार माणूस कम्युनिस्ट नव्हता. चो मान-सिक हे ख्रिस्ती राष्ट्रवादी पुढारी. स्वदेशी मालाच्या चळवळीमुळे लोक त्यांना ‘कोरियाचे गांधी’ म्हणत. सोव्हिएत अधिकाऱ्यांनीही आधी त्यांनाच हाताशी धरले. पण डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्कोच्या बैठकीत कोरियावर पाच वर्षांपर्यंत परकीय विश्वस्त नेमायचे ठरले. चो यांनी ते साफ नाकारले आणि जानेवारीत ते नजरकैदेत गेले.

वाट मोकळी झाली. ८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘उत्तर कोरिया हंगामी लोकसमिती’ स्थापन झाली. अध्यक्ष किम इल-सुंग, वय ३३; पाचच महिन्यांपूर्वी सोव्हिएत सैन्यातला अधिकारी म्हणून वोन्सान बंदरात उतरलेला.

समिती नुसती सोव्हिएत रणगाड्यांच्या जोरावर टिकली असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. महिनाभरात, ५ मार्चला, जमिनीचा कायदा आला. कुळे निम्मे पीक खंडात घालत होती. पाच हेक्टरांच्या आसपासची मर्यादा ओलांडणाऱ्या जमीनदारांची जमीन मोबदल्याविना काढून भूमिहीनांना आणि कुळांना फुकट वाटली. काही आठवड्यांत काम उरकले. जमीनदार गाठोडी बांधून दक्षिणेकडे निघाले, म्हणजे विरोधकही आपसूक सीमेपार गेले! मग आठ तासांचा कामाचा दिवस, स्त्री-पुरुष समानतेचा कायदा आणि ऑगस्टमध्ये मोठ्या कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण. बहुतेक कारखाने जपान्यांचेच असल्याने त्यावर रडणारे थोडेच होते.

फेब्रुवारी १९४७ मध्ये नावातला ‘हंगामी’ शब्द गळला. पुढच्या वर्षी साऱ्या कोरियात निवडणूक घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा आयोग सोलला आला, अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला उत्तरेत पाऊल ठेवू दिले नाही. मे १९४८ ची निवडणूक दक्षिणेपुरतीच झाली.