पावडर घाण की लोड कमजोर? दोन्हींची काजळी सारखी दिसते, पण गोष्ट एक नाही

पिस्तूलसाठी रिलोडिंग (म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या पितळी केसमध्ये नवा प्रायमर, पावडर आणि बुलेट भरणं) करणारा नवा माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "साफ जळणारी पावडर कुठली?" आणि आजूबाजूचे लगेच डब्यांची नावं सांगायला लागतात. कुणी म्हणतं टाइटग्रुप, कुणी म्हणतं एन 320, कुणी म्हणतं युनिकला हात लावू नकोस, सगळं काळं करते. पण कॅलिबर कुठलं, बुलेट किती वजनाची, साधी शिशाची की जॅकेटवाली (तांब्याचं आवरण असलेली), चार्ज (केसमध्ये भरलेली पावडर) मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे की वरच्या, हे कुणीच विचारत नाही. खरं उत्तर त्यातच असतं. मला ह्याचा आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच नीट लिहितो.

फास्ट पावडर म्हणजे झटकन जळणारी, स्लो म्हणजे सावकाश जळणारी. साधारण हलक्या काडतुसांना फास्ट, मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसांना स्लो, बास. ह्यातून एक चुकीचा समज मात्र तयार झालाय की फास्ट म्हणजे साफ. तसं नाहीये. बुल्सआय ही एकदम फास्ट पावडर, तरी हलक्या लोडमध्ये (कमी चार्जच्या काडतुसात) ती काजळी सोडते म्हणून ओळखली जाते, आणि एन 320 बर्न रेटच्या तक्त्यात तिच्यापेक्षा खाली, म्हणजे स्लो, तरी साफ जळण्यात तिचं नाव आधी घेतात. दुसरा समज सिंगल बेस (फक्त नायट्रोसेल्युलोजची) म्हणजे साफ आणि डबल बेस (त्यात नायट्रोग्लिसरीनही असलेली) म्हणजे घाण. ह्यात थोडं तथ्य आहे, पण टाइटग्रुप डबल बेस असूनही साफ जळते (गरम मात्र चांगलीच जळते), त्यामुळे डब्यावरचं लेबल वाचून निकाल लावू नका.

आता मुख्य मुद्दा. साफ जळणारी पावडर ही एक गोष्ट आणि साफ जळणारा लोड ही वेगळी गोष्ट.

स्मोकलेस पावडर किती वेगाने जळेल हे तिच्यावर किती प्रेशर आहे त्यावर ठरतं. प्रेशर वाढलं की जळण्याचा वेग वाढतो, तो वाढला की प्रेशर अजून वाढतं, आणि ह्या चक्रात पावडर पूर्ण जळते. प्रेशर जेमतेम असेल तर पावडर रेंगाळत जळते, तोवर बुलेट बॅरलबाहेर गेलेली असते, आणि अर्धवट जळलेले दाणे आणि काजळी मागे राहते. हे झालं एक. दुसरं, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे पितळेची केस प्रेशरने फुगून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला घट्ट चिकटते आणि गॅसला मागे यायची वाट बंद करते. प्रेशर कमी असेल तर तोंडाकडची पातळ भिंतसुद्धा नीट फुगत नाही, गॅस केस आणि चेंबरच्या मधून मागे सरकतो आणि केस बाहेरून काळी होते.

म्हणून उडालेली केस हातात घ्या आणि बघा. मी .38 स्पेशलचे हलके टार्गेट लोड बनवले होते तेव्हा प्रत्येक केसवर एका बाजूने तोंडापासून जवळजवळ अर्ध्या लांबीपर्यंत काळा पट्टा होता, अंगठ्याने पुसला तर अंगठा काळा, आणि सिलेंडर उघडून केस बाहेर ढकलल्या की न जळलेल्या पावडरचे पिवळसर दाणे टेबलावर पडायचे. मी पावडरला शिव्या घातल्या आणि दुसरा डबा उघडला. तोच हलकेपणा ठेवला, तोच पट्टा परत आला. मग पहिल्याच पावडरचा चार्ज मॅन्युअलच्या मर्यादेतच थोडा थोडा वर नेला, क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) नीट घट्ट केला, आणि पट्टा आखडत आखडत तोंडाजवळच्या एका बारीक कड्याएवढा उरला. पावडर तीच, डबा तोच.

.38 स्पेशलमध्ये हे जास्त का होतं? केस काळ्या दारूच्या (जुन्या गनपावडरच्या) जमान्यातली, मोठी आणि खोल, आणि आजच्या पावडरचा चार्ज त्यात तळाला पडून राहतो. शिवाय ह्या कॅलिबरची सॅमीची (काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची) प्रेशरची कमाल मर्यादाच 17,000 पीएसआय आहे, तर 9 एमएमची 35,000. .45 एसीपीची 21,000, म्हणून तिथेही हलक्या लोडची केस पटकन काळी होते. एकाने 9 एमएममध्ये "एकदम साफ" म्हटलेली पावडर दुसऱ्याने .38 मध्ये अगदी हलक्या लोडला वापरली आणि तो म्हणाला "घाणेरडी". दोघंही खरं बोलतात, तुलनाच चुकीची आहे.

पण इथेच मला सगळ्यात मोठी भीती वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो. साफ जळावं म्हणून कुणीही मॅन्युअलच्या कमाल चार्जच्या पुढे जाऊ नये. सुरुवातीच्या चार्जपासून थोडं थोडं वाढवा, मर्यादेच्या आत केस साफ झाली तर उत्तम, नाही झाली तर ती काजळी पुसून घ्या किंवा पावडर बदला. काजळीने पिस्तूल फुटत नाही, जास्त प्रेशरने फुटतं. उलट्या बाजूनेही तेच: एच 110 सारखी पावडर (डब्ल्यू 296 हीच पावडर आहे, फक्त नाव वेगळं) हलक्या चार्जसाठी नाहीच, ती कमी भरली तर बुलेट बॅरलमध्ये अडकू शकते. ती कमी भरून "न जळलेले दाणे राहतात" अशी तक्रार करणारे बघितले की मला राग येतो, कारण मॅन्युअलमध्ये हे आधीच लिहिलेलं असतं.

काळं दिसणारं सगळं पावडरचं नसतं हेही ध्यानात ठेवा. शिशाच्या बुलेटवर लावलेलं मेणासारखं ल्युब (वंगण) जळलं की दाट धूर होतो आणि बॅरलमध्ये चिकट थर बसतो. साध्या जॅकेटवाल्या बुलेटचा तळ उघडा असतो, तिथलं शिसंही गरम गॅसने उडतं. ह्यात पावडर बदलून काय होणार, बुलेट बदला, तळ झाकलेली घ्या. रिव्हॉल्व्हरमध्ये एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली (केस बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्यासारख्या भागाखाली) दाणा अडकला की सिलेंडर जड फिरतो, हे मात्र पावडरचंच, तिथे नळी वर करून केस बाहेर ढकला म्हणजे दाणे खाली पडतात.

माझी आवड विचाराल तर मी जरा जास्त जागा घेणारी पावडर निवडतो, जरी ती थोडी काजळी सोडत असली तरी. टाइटग्रुपचा चार्ज इतका कमी जागा घेतो की केसमध्ये चुकून दोनदा पडला तरी बाहेरून दिसत नाही, आणि साफपणाच्या नावाखाली ती जोखीम घ्यायची मला हौस नाही. युनिक 1900 सालापासून चालतेय, थोडी काजळी करते, पण .38 च्या केसमध्ये ती चांगली भरते आणि डबल चार्ज डोळ्यांना लगेच दिसतो. दर वेळी भरलेल्या केसच्या रांगेत टॉर्च मारून आत बघायचं, मगच बुलेट बसवायची, ही सवय कुठल्याही पावडरला लावा.

आणि शेवटचं, साफ जळणारी पावडर वापरली म्हणजे हात धुवायची गरज नाही असं नाही. नेहमीच्या प्रायमरमध्ये (केसच्या तळाला बसणारी, ठिणगी देणारी टोपी) शिशाचं संयुग असतं, ते पावडर कुठलीही असली तरी केसमध्ये उरतं, आणि टम्बलरमध्ये (केस घासून साफ करणाऱ्या यंत्रात) कोरड्या केस घासल्या की त्याची धूळ उडते. टम्बलरचं झाकण बंद खोलीत उघडू नका, जमलं तर ओलं टम्बलिंग करा, आणि जेवायच्या आधी हात साबणाने नीट धुवा.