वेंडेल स्कॉटच्या नावावरचा तो एक विजय

वेंडेल स्कॉट हा अमेरिकेतल्या नॅस्कार मोटारशर्यतींमधला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. त्याच्या कारकिर्दीचा तक्ता एका ओळीत मावतो. १९६१ ते १९७३ या काळात अव्वल मालिकेत ४९५ शर्यती, पहिल्या दहांत १४७ वेळा, पहिल्या पाचांत २० वेळा, विजय १. हा विजय १९६४च्या हंगामात मोजला जातो; शर्यत मात्र झाली १ डिसेंबर १९६३ रोजी. त्या काळी पुढच्या वर्षाचा हंगाम आदल्या नोव्हेंबरातच सुरू व्हायचा. त्यामुळे कुठे एक साल दिसतं, कुठे दुसरं, आणि दोन्ही बरोबर असतात.

खरा गुंता विजय कधी मोजला याचा नाही, कसा दिला याचा आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. स्कॉटची शेवरोले दुसऱ्या ड्रायव्हरकडून विकत घेतलेली, जुनी. पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना त्याने आघाडी घेतली. २०० फेऱ्या पूर्ण झाल्या तरी शर्यत संपल्याचा झेंडा पडला नाही, म्हणून तो गाडी पळवतच राहिला. अखेर झेंडा दाखवला गेला तो दोन फेऱ्या मागे असलेल्या गोऱ्या ड्रायव्हरला. करंडक आणि कौतुक त्याच्या वाट्याला गेलं. काही तासांनी फेऱ्यांचा हिशेब पुन्हा तपासला आणि स्कॉट विजेता ठरला. तोवर प्रेक्षक घरी गेले होते. बक्षिसाचे १,००० डॉलर त्याला मिळाले, करंडक नाही.

अधिकृत शब्द ‘मोजणीतली चूक’. फेऱ्या तेव्हा माणसं हाताने टिपत, त्यामुळे चुका होत, हे खरं. पण विजेत्याला करंडक देताना गोरी तरुणी त्याचं चुंबन घेई, आणि १९६३च्या अमेरिकी दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत ते कुणाला नको होतं, असं स्कॉटचं म्हणणं होतं. मला ते पटतं. नुसती आकड्यांची चूक असती, तर करंडक पुढच्याच आठवड्यात त्याच्या हातात पडला असता.

त्याआधीचं थोडक्यात: जन्म १९२१, व्हर्जिनियातलं डॅनव्हिल. महायुद्धात लष्करात मेकॅनिक, मग टॅक्सी आणि रात्री चोरट्या दारूची ने-आण. पहिली शर्यत १९५२ मध्ये, राज्याचं अजिंक्यपद १९५९ मध्ये.

नंतरच्या वर्षांकडे फार कमी लोक बघतात. १९६६ मध्ये तो गुणतक्त्यात सहावा आला आणि १९६९ पर्यंत दरवर्षी पहिल्या दहांत राहिला. मोठ्या संघांकडे मोटार कारखान्यांचा पैसा होता. स्कॉट इंजिन स्वतः बांधायचा, टायर वापरलेले असायचे आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी दुरुस्तीला थांबते तिथे, त्याची मुलं राबायची. एवढ्यावर सहावा क्रमांक, हे मला त्या एका विजयाहून मोठं वाटतं.

१९७३ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बऱ्याच गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यात तो जबर जखमी झाला. त्याच वर्षी शार्लटला आणखी एक शर्यत, बारावा क्रमांक, आणि कारकीर्द संपली. १९९० मध्ये तो गेला. २०१५ मध्ये त्याला या खेळाच्या मानकरी-दालनात जागा मिळाली. जॅक्सनव्हिलचा करंडक मात्र शर्यत भरवणाऱ्या संस्थेने त्याच्या घरच्यांना दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. त्यानंतर दीडेक महिन्यात, त्याच टॅलाडेगाला, अव्वल मालिकेतली शर्यत जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर मिळाला.